स्प्लिटवरून थ्री अंडर: बाण खाली का जातात आणि हात बसायला किती वेळ लागतो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तीन वर्षं तुम्ही ६२ इंची एकसंध रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) धनुष्य वापरताय, ४० पौंड ओढीचं, उजव्या हाताने, स्प्लिट पकडीने. म्हणजे तर्जनी बाणाच्या वर, मधलं बोट आणि अनामिका खाली. तर्जनी दुखायला लागली, ओढताना बाण शेल्फवरून (धनुष्यावर बाण टेकतो त्या कडेवरून) सरकायला लागला, म्हणून महिन्यापूर्वी तिन्ही बोटं बाणाखाली घेतलीत, म्हणजे थ्री अंडर. अँकर (पूर्ण ओढल्यावर हात चेहऱ्याला टेकतो ती जागा) तोच ठेवलात, तर्जनी ओठांच्या कोपऱ्यात. तेव्हापासून १८ मीटरवर बाण हातभर खाली आणि थोडे डावीकडे पडतायत, आणि बाण सुटताना धनुष्य खडखडतंय. वैतागून मध्ये आठवडाभर परत स्प्लिटवर गेलात, मग पुन्हा थ्री अंडर. एका मित्राने ‘अंगठ्याने ओढून बघ’ असंही सुचवलं. आता विचारताय की सवय व्हायला किती दिवस लागतील, की ही पकड आपल्यासाठी नाहीच.

तुम्ही ज्याला ‘सवय नाही’ म्हणताय, त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. बाण खाली पडणं ही साधी भूमिती आहे, तुमच्या बोटांचा त्यात दोष नाही. आवाज हा धनुष्याच्या जुळणीचा प्रश्न आहे. डावीकडे जाणं तेवढं हाताचं, आणि सवयीने सुटेल असं फक्त तेच. पकड बदलून माझ्याकडे येणारे बहुतेक जण या तिन्हींवर एकच औषध घेतात: रोज जास्त बाण मारायचे. त्याने पहिल्या दोन गोष्टींत काडीचा फरक पडत नाही, आणि तिसरी बिघडते.

अर्थात काही गोष्टी तुमच्या अंगावर आणि धनुष्यावर अवलंबून आहेत. बोटांची लांबी, चेहऱ्याची ठेवण, धनुष्य कसं घडवलंय, शेल्फवर कातडं आहे की केसाळ पट्टी, हे मला इथे बसून दिसत नाही. म्हणून खाली जे आकडे देतो ते सुरुवात करायला म्हणून घ्या. शेवटचा आकडा तुमच्याच धनुष्यावर मिळेल.

आधी भूमिती, कारण तुमचं मन सगळ्यात जास्त तिनेच खचलेलं दिसतंय. स्प्लिटमध्ये तर्जनी ओठांच्या कोपऱ्यात असते आणि बाण तिच्या खाली. थ्री अंडरमध्ये तर्जनी तिथेच राहते, पण बाण तिच्या वर येतो. म्हणजे बाणाचं मागचं टोक बोटाच्या जाडीएवढं, साधारण दोन सेंटीमीटर, डोळ्याकडे सरकलं. पुढचं टोक तुम्ही पूर्वीच्याच जागी धरता, कारण डोळ्याला तेच चित्र ओळखीचं आहे. मागचं टोक वर आणि पुढचं जागच्या जागी, म्हणजे बाणाचं तोंड खाली झुकलं. आता हिशेब करा. ओढलेल्या बाणाची लांबी ७५ सेंटीमीटरच्या आसपास, तेवढ्यात दोन सेंटीमीटरचा फरक. १८ मीटरवर तो फरक होतो साधारण ४८ सेंटीमीटर. हातभर! तुमचे बाण जिथे पडायला हवेत अगदी तिथेच पडतायत. नवी पकड आणि जुनं चित्र एकत्र आलं की हेच होणार, आणि नेमकं एवढंच होतंय यावरून दिसतं की तुमचा अँकर पक्का आहे. ही चांगली बातमी आहे.

हाच हिशेब मधलं बोट ओठांच्या कोपऱ्यात ठेवणाऱ्यांना लागू होत नाही. अमेरिकेतले धनुर्धर फ्रेड बेअर असं स्प्लिट खेळायचे, मधलं बोट कोपऱ्यात. असा माणूस थ्री अंडरला आला आणि त्याने तर्जनी कोपऱ्यात लावली, तर बाण जवळजवळ पूर्वीच्याच उंचीवर राहतो, बोटं तेवढी खाली सरकतात. त्याचे बाण फारसे खाली जाणार नाहीत. म्हणून ‘मी पकड बदलली आणि बाण मुळीच खाली गेले नाहीत’ असं कुणी सांगितलं तर स्वतःला कमी लेखू नका. आधी विचारा, तुझं कुठलं बोट कुठे टेकतं?

तेव्हा पहिले काही आठवडे बाण कुठे लागतो हे बघूच नका. नेम शेवटी लावायचा. त्याआधी धनुष्य, मग हात. हा क्रम मी सगळ्यांना देतो आणि त्यावर अडून बसतो, कारण उलट्या क्रमाने गेलं तर प्रत्येक टप्प्यावर आधीचं काम पुसावं लागतं.

धनुष्याकडे येऊ. तिन्ही बोटं बाणाखाली गेली की दोरीवरचा तुमचा जोर सगळाच्या सगळा नॉकच्या (बाणाच्या शेपटीची दोरीत अडकणारी खाच) खाली येतो. दोन गोष्टी होतात. एक, धनुष्याच्या वरच्या आणि खालच्या पात्यावरचा (वाकणाऱ्या भुजांवरचा) ताण बदलतो. स्प्लिटसाठी घडवलेल्या धनुष्यात कारागीर खालचं पातं जरा कडक ठेवतो. दोरीपासून वरच्या पात्याच्या बुंध्याचं अंतर खालच्यापेक्षा तीन ते सहा मिलिमीटर जास्त भरतं. हाच टिलर. थ्री अंडरला हा फरक शून्याच्या जवळ लागतो. तुमचं धनुष्य बहुधा स्प्लिटसाठी घडलेलं आहे, म्हणून आता दोन्ही पाती एकाच क्षणी जागेवर येत नाहीत, आणि तो खडखडाट तिथून येतो. सुट्या पात्यांच्या धनुष्यात बोल्ट फिरवून हे जुळवता येतं. एकसंध लाकडी धनुष्यात ती सोय नाही, आणि कानशीने पातं घासण्याचा उद्योग घरी अजिबात करू नका. दुसरा मार्ग आहे.

तो मार्ग म्हणजे नॉकिंग पॉइंट, दोरीवर नॉक कुठे बसवायची ते ठरवणारी गाठ. तुमचा सध्याचा पॉइंट स्प्लिटच्या हिशेबाने बांधलेला असणार, म्हणजे शेल्फपासून दोरीला काटकोनात जाणाऱ्या रेषेच्या १० ते १३ मिलिमीटर वर. थ्री अंडरला तो आणखी वर हवा. मी शेल्फवरून खेळणाऱ्यांना १९ मिलिमीटरवर, म्हणजे पाऊण इंचावर, सुरुवात करायला लावतो आणि तिथून थोडं थोडं खाली आणतो. बहुतेकांचं १४ ते १८ च्या मध्ये कुठेतरी जमतं. वरून खाली यायचं, खालून वर जायचं नाही. कारण असं: पॉइंट फार खाली असला तर सुटताना बाणाची शेपटी शेल्फवर आपटते आणि उसळून वर जाते. बघणाऱ्याला वाटतं शेपटी वर जातेय, म्हणजे पॉइंट फार वर असणार, आणि तो आणखी खाली बांधतो. मग आणखी आपटते. या गोल फेऱ्यात माणसं महिने घालवतात.

शेपटी आपटतेय का हे तुमच्या बाणांवर लिहिलेलं असतं. पिसं उजेडात धरून बघा. शेल्फच्या बाजूच्या पिसाची खालची, नॉककडची कड झिजून दातेरी झाली असेल, किंवा त्याच्या बुडाचा डिंक सुटायला लागला असेल, तर ते आपटतंय. शेल्फच्या कातड्यावर थोडी टाल्कम पावडर भुरभुरा आणि एकच बाण सोडा. खाली आणता आणता पावडरीत शेवटाला आडवा ओरखडा उठला तर पॉइंट पुन्हा वर घ्या. ओरखडा नाहीसा होईपर्यंत एकेक मिलिमीटर वर. हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण महिनाभराच्या सरावाने जे सुटत नव्हतं ते इथे सुटतं.

आणि गाठ एक नको, दोन हव्यात. स्प्लिटमध्ये बाणाच्या खाली मधलं बोट असतं, वर तर्जनी असते. नॉक दोन्हीकडून धरलेली. थ्री अंडरमध्ये बोटं दोरीबरोबर खाली ओढली जातात आणि नॉकही दोरीवरून खाली घसरू शकते, वरच्या गाठीचा तिथे काही उपयोग नाही. सर्व्हिंगच्या (दोरीवर मध्यभागी गुंडाळलेल्या) दोऱ्यानेच नॉकच्या खाली दुसरी बारीक गाठ बांधा. दोन गाठींमध्ये नॉकपेक्षा केसभर जास्त जागा ठेवा, नाहीतर पूर्ण ओढल्यावर दोरीचा कोन बदलतो आणि नॉक चिमटली जाते. पितळी क्लिपा खाली लावू नका, त्या टॅबला (बोटं वाचवायच्या कातड्याच्या तुकड्याला) घासतात.

त्यानंतर ब्रेस हाइट, म्हणजे मुठीच्या खोलगट भागापासून दोरीपर्यंतचं अंतर. ६२ इंची रिकर्व्हला ते साधारण साडेसात ते आठ इंच असतं. तुमच्या धनुष्याला कारागिराने जी मर्यादा सांगितली असेल तीच धरा. दोरी काढून चार-पाच पीळ वाढवायचे, चढवायची, तीन बाण सोडायचे, कान देऊन ऐकायचं. एका ठिकाणी खडखडाट कमी होऊन आवाज भरीव, बुटका होतो. तिथे थांबा. तो पूर्ण जाईलच असं नाही. स्प्लिटच्या टिलरचं धनुष्य थ्री अंडरला थोडं बोलतंच. त्याने धनुष्याला इजा होत नाही आणि निशाणाही बिघडत नाही.

टॅबचं राहिलं. प्रश्नात तुम्ही टॅबचा उल्लेख केलेला नाही, त्यामुळे मला शंका आहे की अजून जुनाच वापरताय. स्प्लिटच्या टॅबला मध्ये चीर असते. थ्री अंडरला ती चीर तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये येते, कातड्याची कड दुमडते आणि सुटताना दोरी तिला अडते. एवढ्याने बाण डावी-उजवीकडे जाऊ शकतो. अखंड कातड्याचा टॅब घ्या आणि बोटांच्या टोकापुढे येणारं कातडं कापून टाका. आपल्याकडे पावसाळ्यात कातडं दमट होऊन चिकट होतं. सरावाआधी त्याला पावडर लावायची आणि रात्री पंख्याखाली वाळवायचं. दमट टॅबवर रिलीजची (दोरी सोडण्याची) परीक्षा घ्यायची नाही.

आता हात. माझ्या मते खरा सराव याचाच, आणि इथेच घाई नडते.

स्प्लिटमध्ये मधलं बोट मुख्य ओझं उचलतं, तर्जनी आणि अनामिका त्याला साथ देतात. तीन वर्षांत तुमच्या हाताने हे वाटप पाठ केलंय. बोटं शेजारी शेजारी आली की हात जुनंच वाटप चालवायला बघतो आणि त्यात अनामिका मागे राहते. बाहेरून तिन्ही बोटं दोरीवर दिसतात, पण अनामिका नुसती टेकलेली असते. पूर्ण ओढल्यावर, सोडायच्या जरा आधी, ती निसटते. ती निसटली की दोरी उरलेल्या दोन बोटांवर येते, हात बाहेरच्या बाजूला वळतो आणि उजव्या हाताच्या माणसाचा बाण डावीकडे जातो. तुमचं डावीकडे जाणं मला बहुतांशी यातलं वाटतं.

तपासायचं कसं? दहा-पंधरा बाण सोडून झाले की लगेच टॅब काढा आणि बोटं बघा. तर्जनी, मधलं, अनामिका, तिन्हींवर दोरीची खूण सारख्या खोलीची हवी, आणि ती पहिल्या सांध्याच्या रेघेत किंवा रेघेच्या किंचित आत, तळव्याकडे, हवी. तर्जनीवर खोल लाल रेघ आणि अनामिकेच्या टोकाच्या गादीवर नुसता पुसट डाग दिसला, तर उत्तर तुमच्या हातात आहे. अनामिका आणखी आत घ्या. सुरुवातीला ती जास्तच आत गेल्यासारखी वाटेल, तसंच हवं. बोटांच्या टोकावर दोरी धरली की सुटायला सोपी जाईल असं सगळ्यांना वाटतं, पण टोकावर धरलेली दोरी सांभाळायला पंजाचे स्नायू आवळावे लागतात, आणि आवळलेला हात स्वच्छ सुटत नाही. सांध्यापाशी खोल आकडा घातला तर बोटं नुसता आकडा राहतात, ओढण्याचं काम पाठ करते, आणि पंजाची मागची बाजू सपाट, सैल राहते. मनगटावर दुसऱ्या हाताचं बोट फिरवून बघायला कुणाला तरी सांगा. तिथल्या शिरा ताठ, तर पकड आवळलेली.

डावीकडे जाण्याचं दुसरं कारण तपासून घ्या: ओढ कमी पडतेय का. नवी पकड अनोळखी असल्याने माणूस नकळत अँकरच्या अर्धा-पाऊण इंच आधीच थांबतो, आणि बोट ओठाला टेकवण्यासाठी मानच पुढे आणतो. ओढ कमी म्हणजे जोर कमी. शेवटच्या इंचात साधारण दोन-तीन पौंडांचा फरक पडतो. कमी जोरावर तोच बाण कडक वागतो आणि डावीकडे झुकतो, शिवाय जरा खालीही पडतो. मित्राला बाजूला उभं करा, डोळे मिटून पाच वेळा पूर्ण ओढा, न सोडता उतरवा, आणि शेल्फच्या पुढच्या कडेला बाणावर पेनने खूण करायला लावा. पाचही खुणा नखाच्या रुंदीत आल्या आणि स्प्लिटच्या खुणेशी जुळल्या, तर ओढीचा प्रश्न नाही. विखुरल्या तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी हे सुधारा.

कोपराकडेही बघा. मागून पाहिलं तर तुमचा ओढणारा कोपर बाणाच्या रेषेत, किंवा किंचित वर, हवा. पकड बदलताना पंजा खाली सरकतो, त्याबरोबर कोपर खाली सोडायची सवय लागते, आणि तिन्ही बोटांवरचा भार परत विषम होतो.

सराव कसा करायचा ते सांगतो. ४० पौंडांवर नवी पकड शिकू नका. ओझं जास्त असलं की हात जे येतं तेच करतो, नवीन काही शिकत नाही. २५ पौंडांच्या आसपासचं धनुष्य कुणाकडून तरी महिनाभर मागून घ्या. आपल्याकडे बरीच पोरं बांबूच्या हलक्या धनुष्यावर सुरुवात करतात, कुठल्याही केंद्रात असं एखादं पडलेलं असतं. तेही नाही मिळालं तर व्यायामाचा रबरी पट्टा घ्या, त्याला दोरीचा तुकडा बांधा आणि आरशासमोर ओढा. पट्टा अँकरवरून सोडून देऊ नका, नुसता धरून उतरवा. रिकामं धनुष्य तर बाणाशिवाय कधीच सोडायचं नाही, हे तुम्हाला माहीत असेलच.

मग चार-पाच मीटरवर जाड बट (बाण अडवणारी गादी), त्यावर कागद नाही, ठिपका नाही. डोळे मिटून ओढायचं, तिन्ही बोटं जाणवेपर्यंत थांबायचं, सोडायचं. दिवसाला चाळीस-पन्नास बाण भरपूर झाले. अनामिका निसटायला लागली की त्या दिवसापुरतं संपलं, मग पंचविसावा बाण का असेना. थकलेल्या हाताने केलेला सराव थकलेल्या हाताचीच पकड पाठ करवतो. डोळे मिटून सलग दोन-तीन दिवस बाण एकमेकांना चिकटून लागायला लागले की डोळे उघडे ठेवा, मग तुमचं स्वतःचं धनुष्य, तरीही पाच मीटरवरच. मग आठ, मग बारा. १८ मीटरवर यायची घाई नको.

आणि या सगळ्या काळात स्प्लिटला हात लावू नका. तुम्ही मध्ये आठवडाभर परत गेलात ना, त्या आठवड्याने आधीचे दोन पुसले. सायकल शिकणाऱ्याने दर चार दिवसांनी आधाराची छोटी चाकं परत लावावीत, तसं आहे ते. याच काळात बाण बदलू नका, ब्रेस हाइटशी रोज खेळू नका, अँकरही हलवू नका. नॉकिंग पॉइंट आणि टॅब एकदाच बदलायचे, सुरुवातीला.

किती दिवस लागतील? आठवड्यातून चार-पाच दिवस, रोज अर्धा तास दिलात तर तीन ते चार आठवड्यांत पकड विचार न करता लागायला लागते. स्पर्धेच्या ताणात, दमलेल्या हाताने, अवघड उतारावरही तीच लागायला दोन-तीन महिने धरा. तुमचा गेलेला महिना मी यात मोजणार नाही, कारण त्यात धनुष्य जुळलेलं नव्हतं. वयाचा, रोजच्या कामाचाही फरक पडतो. दिवसभर हाताचं जड काम करणाऱ्याची बोटं बळकट असतात पण संध्याकाळी दमलेली असतात, त्याने सराव सकाळी करावा.

हात बसला की मग नेम. आता मेंदूला नवं चित्र द्यायचंय. १८ मीटरवर पूर्वी तुम्ही बाणाचं टोक ठिपक्याच्या जितकं खाली धरत होता, त्यापेक्षा आता हातभर वर धरायचं. जवळच्या अंतरांवर टोक ठिपक्याच्या बरंच जवळ येतं. बहुतेकांना हे सोपं जातं, थ्री अंडरचा मोठा फायदाच हा. दहा मीटर, पंधरा, वीस, पंचवीस, प्रत्येक ठिकाणी सहा-सहा बाण सोडून टोक आणि ठिपका यांच्यातलं अंतर वहीत लिहा. जिथे टोक थेट ठिपक्यावर ठेवून बाण ठिपक्यावर लागतो, ते पॉइंट ऑनचं अंतर. ४० पौंडी धनुष्यावर स्प्लिटला ते पन्नास मीटरच्या आसपास असेल, तर थ्री अंडरला चाळीसच्या आसपास येतं. म्हणजे लांबच्या अंतरावर तुम्हाला टोक ठिपक्याच्या वर धरावं लागेल, तिथे लक्ष्य मुठीआड जातं. जवळ मिळवलेलं लांब थोडं द्यावं लागतं.

पिसं नसलेल्या बाणाची परीक्षा या टप्प्यावर घ्या, आधी नाही. दहा मीटरवर पिसांचे तीन आणि बिनपिसांचे दोन. रिलीज बसलेला नसताना ही परीक्षा बाणाबद्दल काहीच सांगत नाही, फक्त हाताची गडबड दाखवते, आणि माणूस विनाकारण नवे बाण विकत घेतो.

आता, ही पकड तुमच्यासाठी आहे का? ६२ इंची धनुष्य पूर्ण ओढलं की दोरीचा कोन अरुंद होतो, आणि स्प्लिटमध्ये तर्जनी आणि मधलं बोट नॉकला चिमटतात. बाण शेल्फवरून सरकतो तो या चिमटीमुळे, तर्जनी दुखते तीही बरीचशी त्यामुळे. या कारणासाठी थ्री अंडर हा योग्य बदल आहे. पण स्प्लिट वाईट असा समज करून घेऊ नका. ऑलिम्पिकमधले रिकर्व्ह खेळाडू जवळजवळ सगळे स्प्लिटच वापरतात. साताऱ्याचे तिरंदाज प्रवीण जाधव ज्या टोकियोच्या मैदानावर उतरले तिथेही हेच चित्र होतं. त्यांना ७० मीटरवर मारायचं असतं, साइट (धनुष्यावरचं नेमाचं साधन) असते, हात हनुवटीखाली असतो. बाण डोळ्यापासून लांब असलेलाच त्यांना हवा असतो. धनुष्यही लांब, म्हणून चिमटी कमी. तुमचं धनुष्य आखूड, साइट नाही आणि बहुतेक मारा ३० मीटरच्या आत. तुमच्या गरजेला थ्री अंडर बसतं. २०२३ मध्ये बर्लिनला अदिती स्वामी आणि ओजस देवतळे कंपाउंडचे (चाकांच्या धनुष्याचे) जगज्जेते झाले, तेव्हापासून ते व्हिडिओ बघून ‘तसा रिलीज हवा’ म्हणणारे खूप भेटतात. त्यात दोरी यांत्रिक रिलीजने सुटते, बोटांच्या पकडीबद्दल तिथून काही घेता येणार नाही.

दुखण्याबद्दल एक गोष्ट गंभीरपणे. नुसती बोटाची कातडी हुळहुळत असेल तर टॅब आणि खोल आकडा याने ते जाईल. पण सकाळी बोट वाकलेलंच राहून टचकन सुटत असेल, तळव्याकडच्या बाजूला सांध्यापाशी दाबलं की कळ येत असेल, किंवा टोकाला बधिरपणा तासाभराहून जास्त टिकत असेल, तर पकड बदलून ते बरं होणार नाही. धनुष्य ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांना बोट दाखवा. कंडरेच्या दुखण्यावर रोज ४० पौंड ओढणं परवडत नाही.

अंगठ्याची पकड ही वेगळी विद्या आहे. तुर्की, मंगोल, कोरियन धनुर्धरांची ती पकड. मुघल चित्रांत अंगठ्यात घातलेली कडी दिसते ती त्यासाठीच. एडवर्ड मोर्स या अमेरिकी अभ्यासकाने १८८५ मध्ये जगभरच्या पकडींची वर्गवारी केली, तेव्हाही तिला स्वतंत्र स्थान दिलं. उजव्या हाताने अंगठ्याने ओढलं तर बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला बसतो. तुमच्या धनुष्याचा शेल्फ डाव्या अंगाला कोरलेला आहे, त्यामुळे या धनुष्यावर ती नीट जमणारच नाही. हौस असेल तर पुढे कधीतरी शेल्फ नसलेलं, वेगळं धनुष्य घेऊन पहिल्यापासून शिका. तर्जनीच्या दुखण्यावरचा उपाय म्हणून तिच्याकडे बघू नका.

शेवटी स्पर्धेचं, कारण तुम्ही थ्रीडीत (प्राण्यांच्या प्रतिकृतींवर नेम धरायच्या स्पर्धेत) उतरायचं म्हणताय. जागतिक संघटनेच्या नियमांत पारंपरिक धनुष्याच्या गटाला स्प्लिट किंवा थ्री अंडर यांपैकी एकच पकड निवडावी लागते. थ्री अंडर घेतली तर तर्जनी नॉकपासून दोन मिलिमीटरपेक्षा जास्त खाली चालत नाही, आणि अँकर एकच. दोरीवर बोटं खाली सरकवून अंतर साधायची मुभा बेअरबो (साइट नसलेल्या रिकर्व्हच्या) गटाला आहे, तुम्हाला नाही. तेव्हा ‘जवळ थ्री अंडर, लांब स्प्लिट’ असा बेत डोक्यात असेल तर तो आजच सोडा. बोट नॉकला टेकलेलं ठेवून सराव करा, आणि नॉकखालची ती दुसरी गाठ बारीकच बांधा, म्हणजे पंचाने मोजलं तरी तर्जनी नियमात बसेल.